तासाला साडेसहा रुपये

मी नागपुरातील एका महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकवते आणि गेली चार वर्षे लहान व्यवसाय करणाऱ्या महिलांच्या उद्योजकता प्रशिक्षणात हिशेबाचे तास घेते. मोमीनपुऱ्यातून शिवणकाम करणाऱ्या, इंदोऱ्यातून डबे पुरवणाऱ्या आणि महालातून लोणची-पापड करणाऱ्या महिला या वर्गात एकाच बाकावर बसतात. प्रकल्प अहवाल, उद्यम नोंदणी, अन्न परवाना हे सारे अभ्यासक्रमात असते आणि ते लागतेच. परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो किंमत काढण्याचा तास.

मागच्या उन्हाळ्यात महालातील एका ताईंनी आपल्या कैरीच्या लोणच्याचा हिशेब फळ्यावर मांडला. दहा किलोंच्या एका घाण्याला कैरी ४२० रुपयांची, तेल ४५० रुपयांचे, भिवापुरी तिखट, मोहरीची डाळ, मेथी, मीठ मिळून ४८०, बरण्या १८० रुपयांच्या, एकूण १,५३०. विक्री १८० रुपये किलोने, म्हणजे १,८००. २७० रुपये सुटतात, असे त्या समाधानाने म्हणाल्या. मग आम्ही गॅसचे ६० आणि माल पोहोचवण्याच्या ऑटोचे १२० रुपये त्यात धरले, तेव्हा हाती ९० रुपये उरले. कैऱ्या धुणे, पुसणे, फोडी करणे, मसाला भाजणे, बरण्या भरणे यात चौदा तास गेले होते. तासाला साडेसहा रुपयेसुद्धा पडत नव्हते. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारले, ‘‘मॅडम, आपल्याच घरी आपल्याच हाताची मजुरी कायची लावता जी?’’ मागच्या बाकावरून मोमीनपुऱ्यातील एक आपा लगेच म्हणाल्या, ‘‘दुकानवाला अपना नौकर रखता तो पगार देता ना?’’ त्या दिवशी ठरलेला वेळ संपल्यावरही कोणी उठले नाही. प्रत्येकीला आपापला हिशेब तिथेच करून पाहायचा होता. तासाला ५० रुपये मजुरी धरली, तर त्याच लोणच्याचा खर्चच किलोमागे २४१ रुपये येतो. ताईंनी भाव २८० केला. काही जुनी गिऱ्हाइके तुटली, हे त्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितले. पण जी टिकली त्यांच्यावर आज त्यांचा धंदा उभा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. व्यवसाय बाईने करायचा आणि कागद नवऱ्याच्या नावाचे, हे मी प्रत्येक तुकडीत पाहते. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे नव्या व्यवसायाला बँकेचे कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान देणाऱ्या योजनेत, शहरी भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान मिळते, तर महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती इत्यादींना २५ टक्के. स्वतःचा हिस्साही १० ऐवजी ५ टक्केच भरावा लागतो. चार लाखांच्या प्रकल्पात खुल्या प्रवर्गातील पतीच्या नावाने अर्ज केला, तर अनुदानाचे ४० हजार रुपये कमी होतात आणि खिशातून २० हजार जास्त जातात. हे अनुदान रोख हाती पडत नाही, तीन वर्षे बँकेत मुदत ठेवीत राहते, हेही मी पहिल्याच दिवशी सांगते. कारण त्या गैरसमजातून कर्जाचे हप्ते थकलेली घरे मी पाहिली आहेत.

आपल्याकडे संस्थांची वाण आहे असे नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून काम करीत आहे. अडचण असते ती अंतराची आणि वेळेची. अमेरिकेत जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेल्या महाविद्यालयापासून कम्युनिटी कॉलेजची जी परंपरा वाढली, तिच्यातील मला भावलेली गोष्ट हीच, की गावातल्या माणसाला शिकण्यासाठी गाव सोडावे लागू नये. टेका नाक्याहून आमच्या वर्गाला यायला दोन ऑटो बदलावे लागतात. सकाळी दहा ते पाच ही वेळ छापली की निम्म्या जणी अर्जच भरत नाहीत, कारण नळाचे पाणी, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांचे जेवण त्या वेळेत बसत नाही. आम्ही वर्ग बारा ते तीन केला, शुक्रवारी सुट्टी ठेवली आणि रमजानच्या महिन्यात तुकडी घेणेच टाळले, तेव्हा मोमीनपुऱ्यातील उपस्थिती टिकू लागली. मे महिन्याच्या उन्हाचे मात्र काही करता आले नाही, आणि लोणच्याचा हंगामही नेमका तोच.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू करायची आहे आणि या वेळी ती इंदोऱ्यातच भरावी असा माझा आग्रह आहे. तीस जणी बसतील, एक फळा असेल आणि लहान मुलांना खेळायला बाजूची एखादी खोली मिळेल, अशा जागेच्या शोधात मी सध्या आहे. लोणचेवाल्या ताई किमतीचा तास घ्यायला येणार आहेत. त्यांनी आपली जुनी वही जपून ठेवली आहे.