आरडीचं फुल इंजिन घरी: सगळं झालं, अडलं ते क्रँकपाशी

राजदूत ३५०, म्हणजे आपली आरडी, तिचं इंजिन घरी उघडणार म्हटलं की लोक आधी भीती घालतात. मलाही घातली. गल्लीतल्या मेकॅनिकनं घातली, चुलतभावानं घातली, आणि ज्यानं आयुष्यात प्लगसुद्धा बदललेला नाही त्या शेजाऱ्यानंही घातली. तर आधी सांगून टाकतो, या इंजिनात घाबरण्यासारखं फार काही नाही. टू-स्ट्रोक आहे. फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. बरा पानासंच, इम्पॅक्ट ड्रायव्हर, मॅग्नेटचा पुलर आणि घरच्यांनी महिनोन् महिने मागू नये असं एखादं टेबल, एवढं असलं की जमतं. घरी न होणारी गोष्ट एकच, क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चालीनं फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा. (बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठं करणं, तेही बाहेरच होतं, पण ते काय, सकाळी टाकलं की संध्याकाळी मिळतं.) या क्रँकनं मला असं लोंबकळत ठेवलं की अजूनही ते वर्कशॉप रस्त्यात लागलं की मी मान वळवून घेतो.

गाडी बाबांची, १९८७ची, म्हणजे एलटी (लो टॉर्क). एस्कॉर्ट्सनं १९८३ला ही गाडी काढली तेव्हाची एचटी (हाय टॉर्क) ३०.५ हॉर्सपॉवरची होती, नंतरची एलटी २७ची. जपानमधली मूळ यामाहा आरडी ३५० तर ३९ची. त्यामुळे एचटीवाले एलटीवाल्यांना हसतात आणि मूळ आरडीवाले दोघांनाही. हसू देत. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर, आणि काटा वर चढला की जो आवाज येतो त्यात सत्तावीस की तीस हे कुणाला ऐकू येत नाही.

दुखणं स्पष्ट होतं. उजव्या सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढराशुभ्र धूर, आणि गिअरबॉक्सचं तेल खाली न गळता कमी होत चाललेलं. याचा अर्थ क्रँकचं उजव्या बाजूचं सील गेलं. ते सील क्लचच्या बाजूला असतं, फाटलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. हे निदान त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. डावं सील गेलं तर धूर येत नाही, बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि एक दिवस भर वेगात पिस्टन वितळतो किंवा सीझ होतो. तेव्हा उजवीकडचा धूर दिसला की दोन्ही सीलं बदला, एक नको. त्यात पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या रॉडचाही ठोका येत होता. रॉडचं वरचं टोक आजूबाजूला हलवून बघतात, २ मिमीच्या वर हललं की मोठ्या टोकाचं बेअरिंग संपलं असं धरायचं. माझं त्याच्या बरंच पुढे गेलं होतं.

उघडणं, धुणं, बोअर मोजणं यावर लिहीत नाही. दोन शनिवार-रविवारची मजा होती ती. चेंबर, म्हणजे क्रँक आणि गिअरचं केसिंग, आडवं उघडतं, एक भाग उचलला की क्रँक आणि गिअर समोर मांडून ठेवल्यासारखे दिसतात. फक्त केसिंगचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनं काढायला जाऊ नका, डोकी उडतात. इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि हातोडी.

आता क्रँक.

या इंजिनाचा क्रँक एकसंध नसतो. फ्लायव्हील आणि पिना प्रेसनं एकमेकांत दाबून बसवलेल्या असतात. दोन रॉड, चार मेन बेअरिंगं, मधोमध दोन सिलिंडरांची हवा वेगळी ठेवणारं लॅबिरिंथ सील, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी १८० अंशांत. रॉड बदलायचा तर सगळं सोडवायचं, नवीन पिन-रॉड-बेअरिंग घालून परत दाबायचं, आणि मग क्रँक सरळ करायचा. दाबणं कुणीही करतो, प्रेस असली की झालं. खरं काम सरळ करण्याचं. डाव्या टोकावर मॅग्नेट आणि पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांचा) कॅम बसतो. ते टोक डुललं की पॉइंटचा गॅप बदलत राहतो, टायमिंग एका जागी ठरत नाही, आणि नवीन सीलची कड हजार किलोमीटरमध्ये खाल्ली जाते. म्हणजे ज्या सीलासाठी इंजिन उघडलं तेच परत.

मी क्रँक दिला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. वर्कशॉप मोठं, बुलेटचे क्रँक रांगेनं टांगलेले, मालकांचं बोलणं गोड. "काय नाय वो, बसतंय की. आठवड्यात देतो." रॉड किट मीच आणून दिलं, अ‍ॅडव्हान्स दिला. आठवड्यानं गेलो तर प्रेसचं सील गेलेलं. पुढं गेलो तर पोरगा गावाला. मग पाऊस लागला, पूर आला, तेव्हा मी काही बोललो नाही, त्या दिवसांत कोल्हापुरात कुणीच कुणाला कामाचं विचारत नाही. पाणी ओसरलं तर गणपती. गणपती गेले तर "आता एवढा दसरा होऊ द्या, दसऱ्याला मशीन पुजतो आणि पहिला तुमचाच घेतो." फोन केला की "हातातच आहे बघा." प्रत्यक्ष गेलो की माझा क्रँक मी ठेवला त्याच फळीवर, त्याच वर्तमानपत्रात. वर्तमानपत्राची तारीख तेवढी जुनी होत गेली.

इथं एक व्यावहारिक गोष्ट. क्रँक सोडून कुठंही ठेवायचा असेल तर तेलात बुडवल्यासारखा माखून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. पावसाळ्यात मेन बेअरिंगं गंजायला वेळ लागत नाही. माझी तशीही बदलायचीच होती म्हणून वाचलो.

दिवाळीच्या आधी क्रँक मिळाला. चकचकीत, पॉलिश पेपर मारलेला. मी विचारलं, किती आउट आहे? मालक म्हणाले, "आउट कशाला असंल? नवीन मालाय." डायल (वाकडेपणा मोजणारं काट्याचं गेज) लावला का विचारल्यावर त्यांनी क्रँक दोन्ही हातांत धरून गरकन फिरवून दाखवला. फिरतोय बघा, असं.

घरी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या दोन ठोकळ्यांवर ठेवला, डायल गेज लावलं. मला ०.०३ मिमीच्या आत हवा होता. डाव्या टोकाला काटा एका फेऱ्यात ०.१४ गेला. आधी वाटलं गेज हललं असेल. स्टँड घट्ट केला, परत फिरवला, परत तेवढंच. मोठ्या टोकाशी फीलर (फट मोजायची पातळ पात्यांची पट्टी) घातला तर एका रॉडला पातळात पातळ पान जात नव्हतं, फ्लायव्हील इतकं आत दाबलेलं. तसाच घातला असता तर रॉड तापून बसला असता. मालकांना आकडे दाखवले. त्यांनी काट्याकडे पाहिलंही नाही. "सायेब, एवढं चालतंय. पाचपन्नास किलोमीटर फिरली की आपोआप बसतंय."

क्रँक आपोआप बसत नाही. हे लिहून ठेवा. सरळ दिलेला क्रँक वाकडा होऊ शकतो, वाकडा दिलेला सरळ होत नाही.

भांडलो नाही, क्रँक उचलून आणला. मग इचलकरंजीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींचं नाव कळलं, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये काम करणारे. त्यांनी क्रँक हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "चेंबर आणलंय का? बेअरिंग कसं बसतंय बघू." तिथंच कळलं की काम होणार. त्यांनी क्रँक दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकदार आधारांत धरला, दोन टोकांना दोन डायल. हळू फिरवायचा, काटा जिथं सर्वांत वर जाईल तिथं फ्लायव्हीलवर खडूची रेघ. मग सेंटरमधून काढून एक फ्लायव्हील हातात तोलून धरायचं आणि दुसऱ्याच्या रेघेवर तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका. एकच. परत सेंटरमध्ये, परत डायल. फ्लायव्हील वरून मिटलेली असतील तर मध्ये पाचर, उघडी असतील तर व्हाइसमध्ये दाब. मी काही विचारायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे, काटा थांबेपर्यंत बोलायचं नाही. ०.१४चे ०.०९ झाले, मग एका ठोक्यात ०.११, तेव्हा ते स्वतःवरच चरफडले, मग ०.०६, आणि चहा होऊन गेल्यावर दोन्ही टोकं ०.०२. आवळलेला रॉडही प्रेसवर आधीच सैल करून घेतला होता. पैसे सांगितले ते ऐकून मला आधीच्या अ‍ॅडव्हान्सची जास्तच चीड आली.

म्हणून कुठंही क्रँक देताना "कधी देणार" हे विचारण्याआधी "डायल कुठाय" हे विचारा. दाखवला नाही तर क्रँक पिशवीतून बाहेर काढूच नका. आणि घेताना त्यांच्या समोर, त्यांच्याच सेंटरवर काटा बघून घ्या. स्वतःचं डायल गेज आणि दोन व्ही-ब्लॉक विकत घ्या, क्रँक एकदा वाया गेला तर त्याच्या कितीतरी पट जातात.

पुढचं भराभर झालं. ब्लॉक दुसऱ्या ओव्हरसाइझला, म्हणजे ६४चा ६४.५० केला. बोअरिंगवाल्याला पिस्टन आधी द्या, त्यावरून बोअर ठरतो, उलटं नाही. पिस्टन-बोअरमधला गॅप दीड ते दोन थाव (इंचाचे हजारावे भाग). क्रँक बसवताना बेअरिंगांच्या बाहेरच्या रिंगा आपापल्या पिनांवर बसल्याशिवाय चेंबर मिटत नाही, मिटत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पिन शोधा. पिस्टनचा बाण सायलेन्सरकडे. सर्क्लिप दर वेळी नवी, आणि लावताना चेंबरच्या तोंडात फडकं कोंबा.

एक चाचणी मात्र कुणी सांगत नाही, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी हवा भरून बघा. सायलेन्सरची दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद, कार्बोरेटरच्या जागी पत्रा आणि रबर. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण मधलं लॅबिरिंथ सील पूर्ण हवाबंद नसतंच. पंप म्हणून मी बाबांचं जुनं बीपीचं मशीन वापरलं. काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे जवळपास ६ पीएसआय, नेमका हवा तेवढाच दाब. सहा मिनिटं काटा टिकला पाहिजे. माझा घसरत होता. साबणाचं पाणी मारलं तर डाव्या बाजूच्या बेस पॅकिंगखाली बारीक फेस. पॅकिंग बदललं, टिकला. सीलं कोरडी ठणठणीत.

टायमिंग प्लगच्या भोकात डायल घालून, पिस्टन वर पोचायच्या २ मिमी आधी पॉइंट उघडले पाहिजेत, दोन्ही सिलिंडरना वेगवेगळं. क्रँक सरळ असला की हे चहा निवायच्या आत होतं. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी तेल घाला, ऑटोल्यूबच्या (इंजिनाला आपोआप तेल देणाऱ्या पंपाच्या) नळ्यांतली हवा निघेपर्यंत तेवढाच आधार. आणि हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर जुनी रबरं फुगतात, तेव्हा पेट्रोल कॉकची वॉशर आणि कार्बोरेटरची पॅकिंगं याच वेळी बदलून टाका. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

किक तिसरी-चौथी असेल. बाबा खिडकीतून म्हणाले, "धूर?" मी म्हटलं, सुरुवातीचा आहे. थोड्या वेळानं परत म्हणाले, "गेला."

रनिंग-इनमध्ये, म्हणजे नवीन भाग बसेपर्यंतच्या सुरुवातीच्या काळात, एकाच वेगात गाडी रेटू नका, सारखा थ्रॉटल कमी-जास्त करत चालवा, आणि वरच्या गिअरमध्ये कुथवू नका.

व्ही-ब्लॉक आणि डायल गेज माझ्याकडेच आहेत. कोल्हापुरात कुणाला आपला क्रँक मोजून बघायचा असेल तर रविवारी सकाळी घेऊन या. मोजून देईन, बांधून देणार नाही.