ताफ्यातले लॅपटॉप, नोंद ४ : बॅटरी, हवा आणि बिजागऱ्या

या खेपेला टेबलावर एकाच मॉडेलचे १२ लॅपटॉप आहेत. १४ इंची, १५ वॉटचा प्रोसेसर, बॅटरी आत, चार्जिंग टाइप-सी. कंपनीच्या ताफ्यातल्या यंत्रांवर काम करण्याचा मोठा फायदा हा, की एकात सापडलेला दोष दुसऱ्यात नेमका कुठे शोधायचा ते कळतं. म्हणून एकही स्क्रू फिरवण्याआधी दोन ढीग केले: कायम डॉकला (मॉनिटर, चार्जर जोडणाऱ्या टेबलावरच्या पेटीला) लावून ठेवलेले आणि रोज बॅगेतून फिरलेले. फिरलेल्यांचे कोपरे घासलेले असतात. डॉकवरच्यांचा कीबोर्ड नव्यासारखा, पण खालच्या जाळीवर धुळीचा थर. दोन्ही ढिगांची दुखणी वेगळी निघतात.

डॉकवरच्या ढिगात पहिला प्रश्न बॅटरीचा. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून तीन आकडे लिहायचे: मूळ क्षमता, आजची पूर्ण क्षमता आणि सायकल, म्हणजे पूर्ण क्षमतेइतका चार्ज किती वेळा वापरला गेला. एका यंत्रात मूळ ५० वॉट-अवर, आज ३१, म्हणजे ६२ टक्के, आणि सायकल फक्त ४१. वापर नगण्य, तरी बॅटरी थकलेली. लिथियम-आयन सेल सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिला की न वापरताही झिजतो. आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू साठतो आणि सेल फुगतो. लक्षणं झाकण न उघडताही दिसतात: ट्रॅकपॅड दाबला जात नाही, तळाची फट एका बाजूला रुंद होते, सपाट काचेवर ठेवला तर लॅपटॉप डुगडुगतो.

फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही, धातूच्या पट्टीने उचकटायची नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी बंद करण्याची सोय असेल तर ती वापरायची, मग आधी कनेक्टर काढायचा. चिकटपट्टी सुटत नसेल तर कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब सोडून काही मिनिटं थांबायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीने हळू सोडवायचं. फुगलेली नसेल आणि आकडा संशयास्पद असेल, तर एक पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून पुन्हा मोजावं. मोजणारी चिपही कधीकधी चुकते. नवी बॅटरी बसली की चार्जिंगची मर्यादा लगेच ८० टक्क्यांवर. ही पायरी राहिली तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाते.

हवेचं काम दोन्ही ढिगांत सारखंच. १० मिनिटं प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर लोड देऊन तापमान आणि वॉट, दोन्ही लिहून ठेवले. नुसतं तापमान फसवं असतं: प्रोसेसर मर्यादेला पोचला की स्वतःच वॉट कमी करतो, त्यामुळे आजारी आणि निरोगी यंत्रात तापमान जवळजवळ सारखं दिसू शकतं. एकात आकडा ९६ अंश आणि ९ वॉट आला. फॅन काढला, तर हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांच्या तोंडाशी करड्या नमद्यासारखी आडवी गादी. बाहेरून हवा मारून ती निघत नाही, आतच घट्ट बसते. फॅन सोडवून चिमट्याने अख्खी उचलावी लागते. उरलेली धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट खडूसारखी झालेली होती. ती अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट सबंध चिपवर पातळ पसरली आणि स्क्रू हीटसिंकवर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळले. थर्मल पॅड (उष्णता वाहणारी मऊ पट्टी) बदलायचा असेल तर जाडी मोजूनच: १ मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि सगळं काम वाया जातं. त्याच चाचणीत तेच यंत्र आता ८१ अंशांवर १५ वॉट टिकवतं.

फिरलेल्या ढिगात बिजागऱ्या. मूळ दोष प्लास्टिकचा वाटतो, पण सुरुवात बिजागरी कडक होण्यापासून होते. झाकण उघडताना सगळा जोर तळाच्या खुंट्यांवर येतो आणि पितळी नट उपटला जातो. उपटलेल्या नटाच्या खाचांत प्लास्टिकचा भुगा तसाच अडकलेला दिसतो. म्हणून क्रम असा: आधी बिजागरीचा नट पाव फेऱ्याने सैल, मग चिकटवणं. भुगा काढून जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायची, अल्कोहोलने पुसायची, दोन भागांचं इपॉक्सी भरायचं, स्क्रूला ग्रीस लावून पितळी नट सरळ धरायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. सुपरग्लू इथे नको. तो ठिसूळ असतो, झटके सोसत नाही.

चार्जिंग न घेणाऱ्या यंत्रांना यूएसबी मीटर लावला. २०ऐवजी ५ व्होल्टच दिसले, तर चार्जर आणि लॅपटॉपचं बोलणं जुळलेलं नाही. केबल उलटी करून पाहायची: एका बाजूने २० येतात आणि दुसरीने ५ किंवा काहीच नाही, तर पोर्टमधली एका बाजूची सीसी पिन (हे बोलणं जिच्यावरून चालतं ती) मळलेली किंवा तुटलेली. यंत्र बंद करून लाकडी दातकोरण्याने आतला दाबलेला तंतूंचा गोळा काढला, की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पोर्ट बदलायचा.

एक सावधगिरी. ताफ्यात बोर्डांची अदलाबदल सोपी वाटते, पण बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) किल्ली बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बोर्ड हलवू नये.

अजून दोन यंत्रं बाकी आहेत. दोन्हींत झाकण ठराविक कोनात आलं की पडदा लुकलुकतो, बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ. म्हणजे संशय बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर. दोन्ही फिरलेल्या ढिगातली, आणि दोन्हींची डावीच बिजागरी उपटलेली होती. आता उरलेल्या सगळ्यांची डावी बाजूही उघडून पाहायची आहे.