जादोर: आधी पेअर, मग जाई

परफ्यूमच्या दुकानातल्या मुली कागदी पट्टीवर फवारा मारून ती नाकापाशी धरतात आणि आपण "वा" म्हटलं की बिलाकडे वळतात. त्या "वा"वर मी आता जात नाही. कागदाला ना ऊब, ना घाम, ना तेल. फ्रूटी-फ्लोरल, म्हणजे फळाफुलांच्या वासाचं, असेल तर तिथे फळच तेवढं कळतं, आणि फळ हे अर्ध्या तासाचं पाहुणं.

मी लावते ते दिऑरचं जादोर. 1999 साली आलं, घडवलं कालिस बेकर यांनी. सोनेरी मानेची ती बाटली तुम्ही जाहिरातीत तरी पाहिली असेलच. आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच कोपराच्या आतल्या बाजूला मारायचं. मनगटावर मारून उपयोग नाही, कारण डबे भरून घराबाहेर पडेपर्यंत हात दहादा धुतले जातात.

सुरुवातीला अल्कोहोलचा झणका, मागोमाग पेअर आणि खरबूज. खरबूज पिकून घमघमणारं नाही, फ्रिजमधून काढून नुकतं कापलेलं, पाणीदार, किंचित हिरवट. गंमत म्हणजे यात खरं फळ नसतंच. संत्र्या-लिंबाच्या सालीतून तेल निघतं, पण पेअर, खरबूज, पीच यांच्यातून परफ्यूमच्या कामाचं काही निघत नाही. हे वास प्रयोगशाळेत जुळवावे लागतात. पीचच्या वासाचं गॅमा-अनडेकालॅक्टोन हे रसायन तर गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या 1919 च्या मित्सुको या परफ्यूममध्येही आहे, म्हणजे ही कृत्रिम फळं आपल्या पणजीच्या काळातली. पेअरच्या वासाची रसायनं, म्हणजे एस्टर, हलकी, अंगाच्या उबेने भराभर उडतात. पीच त्या मानाने चिवट, तो फुलांपर्यंत सोबत येतो.

ठाण्याला लोकलमध्ये चढले की मुलुंड-भांडुपपर्यंत पेअर संपलेलं असतं. मग जाई, गुलाब, यलांग-यलांग. एकेक फूल वेगळं ओळखायला जाऊ नये, ती एकमेकांत मिसळूनच येतात. पण जाई मात्र मला दिसतेच, आणि माझी तक्रारही तिच्याबद्दलच आहे.

जाई-मोगऱ्याच्या खऱ्या वासात इंडोल नावाचं रसायन असतं. नुसतं, दाट इंडोल हुंगलं तर डांबरगोळ्यांची आठवण होते. ते विष्ठेतही असतं, हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने "शी, काहीतरीच" म्हणून विषय संपवला. पण लग्नाहून आल्यावर रात्री उशिरा केसांतला गजरा काढून बघा. कडा तपकिरी पडलेल्या, पाकळ्या लिबलिबीत, दोरा ओलसर. गोडाच्या खाली काहीतरी कुजकट, अंगाचं, उबदार. मला जाईत तेच हवं असतं. जादोरमधली जाई त्या रात्रीपर्यंत पोचतच नाही. ती दिवसभर सकाळचीच राहते, पाणी शिंपडून टोपलीत ठेवलेली. सुंदर आहे, वादच नाही. एसीच्या बंद खोलीत मीटिंगला बसायचं तर हीच बरी, हेही कळतं. तरी एखाद्या संध्याकाळी तिने जरा बिघडावं असं वाटतं.

मे महिन्यात सगळाच प्रकार घाईत उरकतो. दादर येईपर्यंत फुलंही ओसरायला लागतात. मैत्रिणी म्हणतात, ओढणीवर मार, टिकेल. टिकतं खरं, पण कापडावर उलगडत नाही, एकाच सुरात चालू राहतं. शिवाय रेशमावर डाग पडला तर कोण निस्तरणार?

दुपारनंतर उरतो तो तळ: मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास, थोडा व्हॅनिला, लाकडाची कोरडी झाक. त्वचेला नाक टेकवल्याशिवाय कळत नाही. बऱ्याचदा मला वाटतं उडून गेलं, आणि लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतं, "आज काय लावलंयस गं?" आपलं नाक सरावलेलं असतं, समोरच्याचं नाही. माझ्या बहिणीचं मात्र उलट. मस्कचे काही मोठे रेणू काही जणांच्या नाकाला कळतच नाहीत, त्यातली ती असावी असा माझा संशय आहे. जेवणानंतर माझा हात हुंगून ती ठामपणे सांगते, "ताई, काही नाही राहिलं, पैसे पाण्यात." आणि पुढच्या महिन्यात तिच्याकडे कार्य असलं की हीच बाटली मागून नेते.