मुंबईचा प्लेग आणि पाचातले चार

रँक ४ आली! साथीच्या मॉडेलमधली कोणती अज्ञातं नुसत्या मृत्यूंच्या आकड्यांवरून ठरवता येतात, ते कोडने तपासायचं होतं. अज्ञातं पाच, रँक (म्हणजे आकड्यांतून मिळणारी स्वतंत्र माहिती) ४. एवढ्यासाठी तीन शनिवार गेले.

मॉडेल साधं एसआयआर, साथ कशी पसरते त्याचं गणित. लागण होऊ शकणारे एस, लागण झालेले आय, पॅरामीटर तीन: बीटा (लागण पसरण्याचा वेग), गॅमा (लागण झालेले त्यातून बाहेर पडण्याचा वेग), के (आयवरून मृत्यू काढायचं गुणोत्तर). सुरुवातीचे एस आणि आय धरून अज्ञातं पाच. मोजता येतं फक्त के गुणिले आय, म्हणजे आठवड्याचे मृत्यू. नमुन्याला मुंबईचा १९०५-०६चा प्लेग घेतलाय. हे मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली आपलं गणित याच आकड्यांवर बसवून दाखवलं होतं. (प्लेग उंदीर-पिसवांतून पसरतो, त्यामुळे हे मॉडेल त्याला ओढूनताणूनच बसतं. असो.)

मृत्यूंचे एकामागून एक चार ली-डेरिव्हेटिव्ह (मॉडेलच्या समीकरणांतून निघणारे बदलाचे दर) काढले आणि पाचही अज्ञातांचा जेकोबियन (कुठलं अज्ञात हलवलं की ते किती हलतात, त्याचा तक्ता; प्रत्येक अज्ञाताला एक स्तंभ) मांडला. मग एकेक स्तंभ उडवून पाहायचं: रँक घसरली तर ते अज्ञात ठरवता येतं, नाहीतर नाही. सिमपायने (पायथनचं बीजगणिताचं पॅकेज) डेरिव्हेटिव्ह दिले, पण किंमती घातल्यावर नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) रँक कधी ४ म्हणे, कधी ३. एस लाखांत, बीटा शून्याला टेकलेला, दशांशांचं दुसरं काय होणार? शेवटी कुठलेही पूर्णांक घालून १००००००००७ या मूळ संख्येच्या मॉड्युलोने, म्हणजे तिने भागून उरणाऱ्या बाकीवरच सगळं गणित करून, रँक काढली. चुटकीसरशी झालं. सेडोग्लाविकचं २००२चं अल्गोरिदम याच जातीचं आहे, ते आधी वाचलं असतं तर दोन शनिवार वाचले असते.

रँक घसरली ती फक्त गॅमाचा स्तंभ काढल्यावर. बाकीचे चौघे एकमेकांत अडकलेत. कागदावर बघाल तर उघड आहे: एस आणि आय निम्मे करा, बीटा आणि के दुप्पट करा, मृत्यूंचा आलेख तसूभरही हलत नाही. बीटा भागिले के मिळतं, बीटा गुणिले एस मिळतं, म्हणजे सुरुवातीला एका रुग्णामागे किती जणांना लागण होत होती तेही मिळतं. एकूण किती जणांना झाली, ते मात्र नुसत्या मृत्यूंवरून कधीच कळणार नाही.

ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्ट्रक्चरलआयडेंटिफायेबिलिटी पॅकेजनेही हेच सांगितलं, शिवाय बीटा भागिले के हे स्वतःच शोधून दिलं. माझ्या कोडला ते अजून जमत नाही.

आणि गॅमा 'मिळतो' म्हणून हुरळून जाऊ नका. केरमॅक-मॅकेंड्रिकचं सूत्र होतं ८९० गुणिले सेक-हायपरबोलिकचा वर्ग (घंटेसारखा आलेख), आत ०.२ टी वजा ३.४, टी म्हणजे आठवडे. आकडे तीनच: उंची, रुंदी, वेळ. रँक ४ मधला आपला चौथा आकडा आलेखाच्या चढ-उतारातल्या किंचित फरकात लपलाय, आणि आठवड्याच्या खडबडीत आकड्यांत तो फरक पार बुडून जातो. माझ्या फिटमध्ये गॅमा अजून भरकटतोच आहे.

पुढच्या शनिवारी जेकोबियन ज्या दिशेला शून्य देतो तो सदिश छापायचाय. मग कोण कोणाला बांधलंय ते कोडच सांगेल.