पूर्ण हजेरी

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला, विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मला कित्येक वर्षं आवडत नव्हता. पाळकांनी उपदेशाला तो घेतला की मी मान खाली घालून 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाची पानं चाळत बसायचे. मालक पहाटे मजूर ठरवतो, दिवसाचा एक दिनार. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पुन्हा बाजारात जातो आणि जे उभे दिसतील त्यांना घेऊन येतो. सहाला काम सुटतं. तासभर राबलेल्याला दिनार, आणि दिवसभर ऊन सोसलेल्यालाही दिनारच. शिवाय मजुरी वाटायला सुरुवात शेवटी आलेल्यांपासून, म्हणजे पहाटेच्यांनी ते उभं राहून बघायचं. त्यांचे पैसे आधी देऊन टाकले असते तर बिचारे खुशीत घरी गेले असते.

मी पहाटेची होते.

२०१२ साली आईची उजवी बाजू लुळी पडली. त्यानंतर सहा वर्षं ती अंथरुणावर होती. शाळेत शिकवायला जायच्या आधी तिचं अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला जखम तर होत नाही ना ते बघायचं, पेज भरवायची. गोळ्या कधी दिल्या, किती खाल्लं, रात्री किती वेळा उठले, हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवायचे. डॉक्टरांसाठी, असं म्हणायचे. खरं तर ती माझी हजेरीवही होती.

धाकटा भाऊ त्या काळात कुठे असायचा ते धड कुणालाच ठाऊक नव्हतं. दारू, उसनवारी. आईच्या बांगड्या त्यानेच विकल्या होत्या. २०१८ मध्ये, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, तो दारात येऊन उभा राहिला आणि शेवटचे एकोणीस दिवस आईच्या उशाशी बसला. तोंडाची जी बाजू हलत होती तिने आई त्याच्याकडे बघून हसायची. माझ्याकडे बघून ती तशी हसल्याचं मला आठवेना. जायच्या दोन दिवस आधी तिने कानातली सोन्याची फुलं माझ्याकडूनच काढून घेतली आणि अडखळत म्हणाली, "एक तुला, एक त्याला."

जोडी फोडली तिने. दफनविधीच्या वेळी मी रडले नाही. मनात हिशोब चालला होता: सहा वर्षं, एकोणीस दिवस.

पुढे काही महिन्यांनी शाळेतून लवकर निघाले होते. अकरा वाजले असतील. मजूर अड्ड्यावरची सगळी माणसं कामाला गेलेली, एक म्हातारा तेवढा थापी आणि रंधा पुढ्यात ठेवून पायरीवर बसला होता. तो पाय ज्या तऱ्हेने आखडून बसला होता ते बघून मी जागच्या जागी थांबले. पप्पा असेच बसायचे.

पप्पा नगरचे गवंडी. आता गावाचं नाव अहिल्यानगर आहे, पण पप्पांचं गाव नगरच. मी चौथीत असताना भिंगारच्या एका कामावर ते परांचीवरून पडले आणि पाय कायमचा अधू झाला. त्यानंतर अड्ड्यावर मुकादम यायचे, धडधाकट माणसं निवडायचे आणि पप्पा मागे राहायचे. दाखल्यातला मालक पाचला विचारतो, "तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे?" ते सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ते पप्पांचं वाक्य आहे हे मात्र त्या पायरीशी उभी राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी ते बाजरी, गुळाचा खडा आणि रॉकेलची बाटली घेऊन आले. चार वाजता एका ठेकेदाराने नेलं होतं. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस. दीड तासाचं काम झालं आणि त्याने पूर्ण हजेरी हातावर ठेवली. पप्पा म्हणाले, मालक, जास्त आले. तर तो म्हणाला, "मिस्त्री, चूल काय अर्धी पेटते का?"

त्या रात्री आम्ही चौघांनी पोटभर भाकरी खाल्ली. धाकटा दुसरीत होता, आईच्या मांडीवर. मीही तीच भाकरी खाल्ली होती. दिनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, घराच्या एका दिवसाच्या पोटाची. तिचा बारावा हिस्सा नेऊन घरात कुणाचं भागलं असतं? मालक काम मोजत नव्हता, चूल बघत होता. आणि इतकी वर्षं मी स्वतःला पहाटेचा मजूर समजत होते. मी तर पाचला नेलेल्या मजुराची लेक.

आम्ही शिक्षक 'ग्रेस मार्क' देतो. पण ते कुणाला? दोन-चार गुणांनी अडलेल्याला. ज्याला शंभरात पाच पडले त्याला ग्रेस नाही, तो नापासच. कृपेबद्दलची माझी समजूत वर्षानुवर्षं अशीच होती. आपण जवळपास पोचायचं, उरलेलं देव बघेल. बायबलमधल्या पत्रात पौल इफिसकरांना लिहितो की तारण, म्हणजे आपला उद्धार, कृपेने झालं, ते आपल्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे. तिथे काठावर असण्याची अट कुठेच नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची मला फार सोबत वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी, एवढी कष्टाळू बाई. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षं लागली. मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने हाडं निघालेल्या मुली त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला 'मुक्ती' या आपल्या आश्रमात त्यांना घर दिलं. बदल्यात द्यायला त्या मुलींकडे काय होतं?

दाखल्यातला मालक शेवटी कुरकुरणाऱ्याला म्हणतो, मी चांगला आहे म्हणून तुझ्या डोळ्यात खुपतं का? मूळ ग्रीकमध्येही डोळाच आहे, "तुझा डोळा वाईट आहे का?" हा प्रश्न मला आजही पुरतो. भाऊ आता उपासनेला येतो, मागच्या बाकावर बसतो. कधी दोन-दोन रविवार येत नाही. तो आला नाही की माझ्यातली वही अजून उघडते, आणि मला प्रार्थना करून ती मिटावी लागते.

गेल्या नाताळात त्याच्या लेकीने त्याच्याकडचं फूल आणून दाखवलं आणि विचारलं, "आत्या, दुसरं तुझ्याकडे आहे ना? एक दिवस घालू?" मी कपाटातून काढून तिच्या कानात स्वतः घातलं. ते अजून तिच्याकडेच आहे.