मायएसक्यूएल मेमरी खातंय? आधी कनेक्शनं मोजा

मायएसक्यूएल डेटाबेस चालणाऱ्या सर्व्हरची मेमरी भरली की सगळ्यांचा पहिला हात बफर पूलवर, म्हणजे डेटा रॅममध्ये धरून ठेवणाऱ्या जागेवर जातो. तो निम्म्यावर आणला की जागा सुटते खरी, पण क्वेरी डिस्कवर जायला लागतात. आणि गर्दी वाढली की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी लिनक्सची यंत्रणा) पुन्हा मायएसक्यूएलचा बळी घेतोच. बफर पूलचा आकार ठरलेला असतो. वाढत जातो तो कनेक्शनांचा खर्च.

हिशेब मांडून बघा. रॅम १६ जीबी, बफर पूल १२ जीबी. इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) स्वतःच्या नोंदींसाठी त्यावर साधारण १० टक्के आणखी घेतं, म्हणजे १३.२ जीबी तिथंच गेली. आता कुठून तरी उचललेल्या कॉन्फिग फाइलमध्ये सॉर्ट बफर (क्रम लावण्याची जागा) ४ एमबी, जॉइन बफर (टेबलं जोडण्याची जागा) ८ एमबी, मॅक्स कनेक्शन्स (एकावेळच्या कनेक्शनांची मर्यादा) ५००. हे बफर प्रत्येक कनेक्शनला वेगळे मिळतात. पाचशेच्या पाचशे एकदम कामाला लागली तर आणखी जवळपास ६ जीबी. बेरीज १९ च्या वर! त्यात एकाच क्वेरीत इंडेक्स नसलेले तीन जॉइन असतील तर जॉइन बफरही तीनदा लागू शकतो. मूळ डिफॉल्ट दोन्ही बफरना २५६ केबी आणि कनेक्शनं १५१ असा आहे. तो उगाच इतका कमी ठेवलेला नाही.

म्हणून काही बदलण्याआधी मोजा. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये, ओओएम किलरची नोंद आहे का ते बघा. मग मायएसक्यूएलच्याच सिस स्कीमातला 'मेमरी ग्लोबल बाय करंट बाइट्स' हा व्ह्यू उघडा. कुठल्या भागाने किती मेमरी धरली आहे ते उतरत्या क्रमाने दिसतं. आवृत्ती ८.० मध्ये ही मोजणी आपोआप चालू असते, ५.७ मध्ये बहुतेक बंद असते, ती चालू करावी लागते. 'मॅक्स यूझ्ड कनेक्शन्स' हा (एकावेळी प्रत्यक्ष वापरलेल्या कनेक्शनांचा) आकडा १२० असेल तर ५०० ची मर्यादा कशासाठी? १५० पुरे. दोन्ही बफर २५६ केबीवर आणा. एखाद्या रिपोर्टला मोठा सॉर्ट बफर हवाच असेल तर तेवढ्या सेशनमध्येच वाढवा. एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) 'यूझिंग जॉइन बफर' दिसलं तर बहुतेक वेळा खरा उपाय इंडेक्स आहे, बफर वाढवणं नव्हे.

एवढं करूनही बफर पूल कमी करावा लागला तर ५.७ पासून तो सर्व्हर चालू असतानाच बदलता येतो. पण लांबलेली ट्रान्झॅक्शनं संपेपर्यंत तो बदल अडकून राहतो, तेव्हा भार कमी असतानाच करा.

थ्रेडनिहाय, म्हणजे प्रत्येक कनेक्शनची मेमरी वेगळी दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये जुनी कनेक्शनं हळूहळू जड होताना दिसली, तर अॅप्लिकेशन प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) बंद करत नाहीये का ते तपासा. कनेक्शन पूलमुळे (तीच कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरायची सोय) अशी कनेक्शनं दिवसेंदिवस उघडी राहतात.

आता सगळ्यात फसवा प्रकार. व्ह्यूतली बेरीज १० जीबी आणि लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये आरईएस (प्रोसेसने प्रत्यक्ष धरलेली रॅम) १४ जीबी. याला लगेच लीक म्हणू नका. अनेकदा मायएसक्यूएलने मोकळी केलेली मेमरी जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचा अॅलोकेटर (मेमरी वाटणारा भाग) तुकड्या-तुकड्यांत धरून बसलेला असतो, ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही. अशा वेळी जेईमॅलॉक हा दुसरा अॅलोकेटर वापरून बघा: सिस्टिमडीच्या (लिनक्सवरच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) ओव्हरराइड फाइलमध्ये एलडी प्रीलोड या सेटिंगला त्या लायब्ररीचा पूर्ण पाथ द्या, डीमन रीलोड करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा. नंतर पीमॅप (प्रोसेसने लोड केलेल्या लायब्ररी दाखवणारी कमांड) च्या यादीत जेईमॅलॉकचं नाव आलंय का ते नक्की बघा. पाथ चुकला तर मायएसक्यूएल जुन्याच अॅलोकेटरवर बिनबोभाट सुरू होतं.