दहा पायऱ्या खाली: रोजचं शिथिलीकरण आणि स्वसंमोहन

झोपाळ्यावर बसून शिथिल व्हायला शिकता येत नाही. बडोद्यात हे म्हणणं जरा धाडसाचंच आहे. इथे ओटीवर झोपाळा नसेल तर घराला घर म्हणत नाहीत, आणि दिवसभराचा शीण घालवायला माणूस आधी तिथेच जाऊन टेकतो. बरं वाटतं, यात शंका नाही. पण झोका चालू ठेवायला पायाचा अंगठा जमिनीला रेटत राहतो, पोटरी काम करते आणि तोल सांभाळायला मान व कंबर सारखी जागी असते. शिथिलीकरणात हेच छोटे छोटे ताण ओळखून सोडायचे असतात. तेव्हा झोपाळा चहासाठी ठेवा आणि सरावाला जमिनीवर या.

लादीवर चटई, तिच्यावर दुहेरी सतरंजी किंवा पातळ गोधडी. गादी नको, कारण तिच्यावर झोप लवकर लागते. उशी पातळ, हनुवटी छातीकडे झुकणार नाही इतकीच. गुडघ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली की कंबरेचा कणा जमिनीला टेकतो आणि कंबरदुखीची निम्मी तक्रार संपते. पाय एकमेकांपासून फुटभर लांब, हात अंगापासून वीतभर दूर, हातांचे तळवे आकाशाकडे. शवासन म्हणून हे आपल्याला माहीत आहेच. पंखा हळू ठेवा आणि मे महिन्यातही अंगावर पातळ चादर घ्या. शरीर सैलावलं की गार वाटायला लागतं आणि कुडकुडणारा माणूस सैल राहू शकत नाही.

वेळ वीस मिनिटं, रोज, जेवणानंतर किमान दीड-दोन तासांनी. घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला वेळ बांधलेली टिकते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्याला ‘रोज संध्याकाळी सहा’ हा नियम कधीच जमणार नाही. ‘घरी आलो, अंघोळ झाली, चहाच्या आधी’ हा प्रत्येक पाळीत जमतो. रात्री अंथरुणात करायला हरकत नाही, पण तेवढंच करू नका. झोप लागते, आणि जागेपणी सैल कसं व्हायचं ते शिकायचं राहून जातं.

पहिले दोन-तीन आठवडे स्नायू आधी आवळायचे आणि मग सोडायचे. ही पद्धत अमेरिकन वैद्य एडमंड जेकबसनने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. तिच्यामागचं कारण साधं आहे. ज्याचे खांदे वर्षानुवर्षं कानाकडे चढलेले आहेत त्याला ते चढलेत हे कळतच नाही. मुद्दाम आवळून सोडलं की फरक जाणवतो आणि मग कळतं. उजवी मूठ वळा, पाच ते सात सेकंद धरा, सोडा आणि वीस-तीस सेकंद नुसतं लक्ष द्या. सोडताना हळूहळू उघडायची नाही. हातातली दोरी सुटावी तशी एकदम सोडायची. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. आवळण्यात सगळा जोर लावतात आणि सोडल्यावरचे वीस सेकंद खाऊन टाकतात. खरं काम त्या वीस सेकंदांत होतं.

पुढचा क्रम असा: डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. जोर निम्माच. पोटरीसाठी पावलं पुढे ताणली तर हमखास गोळा येतो, म्हणून बोटं स्वतःकडे ओढा. आवळताना श्वास कोंडू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मानेचं दुखणं असेल तर मान वगळा, नुसते खांदे पुरेत.

जबडा आणि जीभ यांना मात्र जास्त वेळ द्या. मनातल्या मनात बोलताना जिभेचे आणि ओठांचे स्नायू अगदी सूक्ष्म हालतात. जेकबसनने उपकरणं लावून याच्या नोंदी घेतल्या होत्या. दात एकमेकांपासून सुटे, जीभ टाळूपासून सुटून खाली पडलेली, ओठ जेमतेम मिटलेले. हे साधलं की डोक्यातली बडबडही मंदावते. ‘विचार थांबतच नाहीत’ म्हणणाऱ्याने आधी आपली जीभ कुठे आहे ते पाहावं.

श्वास मोठा घ्यायचा नाही, लांब सोडायचा आहे. मनात चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून सोडणं लांबवायचं. छाती भरभरून घेत राहिलात तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात आणि गरगरतं. ती काही सिद्धी नव्हे, श्वास जास्त झाला एवढाच तिचा अर्थ.

एवढं झालं की स्वसंमोहनाकडे वळायचं. या शब्दाला लोक उगाच बिचकतात. ‘हिप्नॉटिझम’ हे इंग्रजीतलं नाव मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड याने 1843 च्या सुमारास ग्रीक भाषेतल्या ‘झोप’ या शब्दावरून रूढ केलं. पुढे त्यालाच ते खटकलं. ही झोप नव्हे, लक्ष एकाच कल्पनेवर एकवटलेलं असतं, असं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने नाव बदलायचाही प्रयत्न केला. तोवर पहिलं नाव जगभर झालं होतं. तुम्ही शुद्धीत असता, दारावरची घंटा वाजली तर उठून दार उघडू शकता.

पडल्यापडल्या छतावरचा एक ठिपका धरा, भुवयांच्या थोडा वरच्या बाजूला, म्हणजे पापण्या लवकर जड होतात. फिरता पंखा नको. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढून ठेवा. पाच-सहा उच्छ्वासांनंतर डोळे मिटू द्या. मुद्दाम उघडे ठेवून परीक्षा बघू नका.

आता खोल जायचं. परदेशी ध्वनिफितींत यासाठी लिफ्ट असते किंवा समुद्रकिनारा. आपल्याकडे वाव आहे, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत जाणारी दगडी विहीर. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव किंवा कुठलीही पाहिलेली वाव डोळ्यांसमोर आणा. वर रणरणतं ऊन, आणि एकेक पायरी उतरावी तसा दगड गार होत जातो, रस्त्याचा आवाज मागे पडतो, उजेड मऊ होतो. हे खऱ्या वावेतही होतं, म्हणून कल्पनेला फार ओढाताण करावी लागत नाही. दहापासून एकपर्यंत उलटं मोजायचं, एका उच्छ्वासाला एक पायरी. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट: तळपायाला गारवा, हाताला भिंतीचा दगड, नाकाला ओलसर वास. आकडा विसरलात तर पुन्हा दहावर जाऊ नका. आठवतो तिथून पुढे चला. सारखं पहिल्यापासून सुरू करणं हा शिस्तीच्या सोंगातला ताणच आहे. काहींना मनात चित्रं दिसतच नाहीत. त्यांनी नुसते आकडे आणि अंगाचा जडपणा धरावा, तेवढ्याने भागतं. पाण्याची किंवा कोंदट जागेची भीती असेल तर वाव सोडा, कमाटीबागेतल्या हिरवळीवरून सावकाश चाला.

खालच्या पायरीवर पोचलात की सूचना द्यायची. वाक्य आधी कागदावर लिहिलेलं असावं. तिथे बसून शब्द जुळवायला गेलात की सगळं वर येतं. ‘मी चिडणार नाही’ हे वाक्य वाया, कारण ते म्हणताना मन आधी चिडून बघतं. ‘मी सदैव आनंदी आहे’ हेही वाया, आतून लगेच उत्तर येतं, ‘काहीतरीच!’ वाक्य छोटं, वर्तमानकाळी, आपल्या हातातल्या गोष्टीबद्दलचं आणि एखाद्या प्रसंगाला बांधलेलं असावं. ‘साहेबांचा फोन वाजला की माझे खांदे खाली येतात.’ ‘मुलीच्या अभ्यासाला बसताना माझा श्वास लांब असतो.’ आणि ज्या भाषेत राग येतो त्या भाषेत सूचना द्या. घरात मराठी आणि ऑफिसात गुजराती असा आपला बडोदेकरांचा संसार. ऑफिसातल्या ताणासाठी ‘निरांत छे’ (‘निवांत आहे’) हे दोन गुजराती शब्द जे करतात ते शुद्ध मराठी वाक्य करेलच असं नाही.

एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याने सूचना वीस वेळा म्हणायला सांगितली होती, मोजायला वीस गाठींची दोरी. आपल्याकडे जपमाळ तयार आहे, पण एकशे आठची गरज नाही, वीस पुरे. सूर आळसावलेला ठेवा. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, असं कुए म्हणे. ‘झोप लागलीच पाहिजे’ असं बजावून पाहा, रात्रभर छत बघत बसाल. एक वाक्य तीन आठवडे तरी बदलू नका.

सूचना म्हणतानाच उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी हलकेच जुळवा. ही खूण. रोज खोलवर असतानाच जुळवत राहिलात की काही आठवड्यांनी नुसती बोटं जुळवून खांदे उतरायला लागतात. सुरुवात किरकोळ त्रासांवर करा: बँकेतली रांग, अडकलेली लिफ्ट. पहिल्याच आठवड्यात भावकीच्या वादात खूण वापरून ‘उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ. स्कूटर चालवताना यातलं काहीही करायचं नाही आणि गाडीत या सूचनांचं ध्वनिमुद्रणही ऐकायचं नाही. मुद्रण स्वतःच्याच आवाजात, मोबाइलवर, नेहमीपेक्षा निम्म्या गतीने करा. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटते, मग सवय होते.

परत येणं टाळू नका. एक ते पाच मोजत पायऱ्या चढा, पाचाला डोळे उघडा, हात-पाय ताणा, कुशीवर वळा आणि मिनिटभर बसा. झटकन उठलं तर चक्कर येते, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना जास्तच. अर्धवट सोडून उठलात तर तासभर डोकं सुस्त राहतं.

खाज आली तर खाजवा. अंगाला अचानक हिसका बसतो तो झोपेच्या उंबरठ्यावरचा, निरुपद्रवी. विचारांचं म्हणाल तर बडोद्याचीच गोष्ट आहे. जानेवारी 1908 मध्ये इथे योगी विष्णू भास्कर लेले यांनी अरविंद घोषांना सांगितलं होतं की विचार बाहेरून येतात, त्यांना आत शिरायच्या आधी परतवा. अरविंदांचं मन तीन दिवसांत निःशब्द झालं. आपलं तेवढ्यात होणार नाही, पण विचाराला दारातला पाहुणा समजण्याची युक्ती चालते. ‘हप्ता आला’, ‘सासूबाई आल्या’ असं मनात नाव घ्यायचं आणि पुढच्या पायरीवर जायचं.

काहींना सैल होताना उलट धडधडतं. सोडून द्यायचीच भीती वाटते. त्यांनी खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून पाचच मिनिटं करावं आणि हळूहळू वाढवावं. फिट्स येणाऱ्यांनी, भास होणाऱ्यांनी, मोठा आघात सोसलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवातीला साखर तपासत राहावं. आणि छातीत नवीन दुखत असेल तर त्यावर सूचना द्यायची नाही, दवाखाना गाठायचा.

वहीत रोज दोन आकडे लिहा: सरावाआधीचा ताण दहापैकी किती, नंतरचा किती. आकडे पंधरा दिवसांनीच बघा.

नवरात्रात गरब्याचे भोंगे मध्यरात्रीपर्यंत चालतात. त्या नऊ दिवसांत सराव दिवे लागायच्या आधी उरका आणि आठ मिनिटांवर आणा: चार अंगाला, तीन पायऱ्यांना, एक परतीला. तेही बुडालं तर दसऱ्यानंतर थेट पायऱ्यांवर जाऊ नका. पहिले दोन-तीन दिवस पुन्हा उजव्या मुठीपासून.